तंबाखूच्या पाइपनिर्मितीतील लेथ

तंबाखूचा लाकडी पाइप घडवताना त्याची वाटी बाहेरून गोल करणे, वाटीतील पोकळी व दांड्यातील धूरमार्ग कोरणे आणि मुखनळी दांड्यात घट्ट बसेल अशी कातणे, ही तिन्ही कामे ज्या यंत्रावर करता येतात ते यंत्र म्हणजे लेथ होय. लेथला मराठीत कातयंत्र असेही म्हणतात. त्यावर लाकूड कातणारा कारागीर तो कातारी. पाइपनिर्मितीसाठी वेगळ्या जातीचा लेथ हौशी कारागिरांच्या बाजारात सहसा मिळत नाही. लाकूडकामाचा लहान लेथ किंवा धातुकामाचा लहान लेथ यांपैकी एक घेऊन त्याला या कामाची साधने जोडली जातात.

नवशिक्याच्या दृष्टीने या निवडीत एक गैरसमज वारंवार आढळतो. लेथ हे लाकूड गोल करण्याचे यंत्र असल्याने त्याची पारख कातकामावरून, म्हणजे मोटारीची शक्ती आणि मावणाऱ्या लाकडाचा आकार यांवरून केली जाते. पाइपाच्या बाबतीत मात्र लेथ हे आधी छिद्र पाडण्याचे यंत्र असते व नंतर कातण्याचे. बाहेरचा आकार कानशीने आणि पॉलिशपेपरने सुधारता येतो. चुकलेले छिद्र सुधारता येत नाही आणि महागडा ठोकळा वाया जातो. स्वस्त लेथ पारखण्याचे बहुतेक निकष या एका गोष्टीतून निघतात.

तंबाखूचे सेवन कोणत्याही स्वरूपात आरोग्यास अपायकारक आहे. प्रस्तुत लेख पाइप घडवण्याच्या साधनापुरता मर्यादित आहे.

पाइपाची रचना

पाइपाचे दोन मुख्य भाग असतात. पहिला लाकडी, त्यात तंबाखू भरण्याची वाटी आणि तिला जोडलेला दांडा एकाच ठोकळ्यातून घडवलेले असतात. दुसरा भाग म्हणजे ओठांत धरण्याची मुखनळी. ती बहुधा एबोनाइट (गंधक मिसळून कडक केलेले रबर) किंवा अ‍ॅक्रिलिक यांची असते. मुखनळीच्या टोकाला बारीक दंडगोल कूस असते व ती दांड्याच्या तोंडाशी कोरलेल्या खोबणीत बसते.

लाकडी भागात तीन छिद्रे पाडावी लागतात. तंबाखूची पोकळी साधारणतः १९ ते २० मिमी व्यासाची आणि ४० मिमीच्या आसपास खोल असते. तिचा तळ गोलाकार ठेवतात. धूरमार्ग सुमारे ४ मिमी व्यासाचा असतो. खोबणीचा व्यास ८ मिमीच्या जवळपास, तर कागदी किंवा कोळशाची गाळणी बसवायची असल्यास ९ मिमीहून थोडा अधिक ठेवतात. धूरमार्ग पोकळीच्या अगदी तळाशी आणि मध्यभागी उघडला पाहिजे. तो वर उघडला तर तळाची तंबाखू ओली राहून न जळता उरते. तळाच्या खाली गेला तर तेथे ओल साचते. बाजूला सरकला तर पाइप साफ करण्याची काडी अडते.

चिलीम आणि पाइप यांतील भेद येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. सरळ चिलमीला एकच अक्ष असतो, त्यामुळे ती एकदा फिरत्या साधनावर धरली की आतून-बाहेरून त्याच अक्षावर पूर्ण होते. पाइपाला दोन अक्ष असतात, एक वाटीचा आणि दुसरा दांड्याचा. हे अक्ष एकाच प्रतलात असून पोकळीच्या तळाशी त्यांनी एकमेकांस छेदले पाहिजे. म्हणून ठोकळा लेथवर एकदा वाटीच्या अक्षावर आणि एकदा दांड्याच्या अक्षावर, असा दोन वेळा धरावा लागतो. वाटी कातताना दांडा पंख्याच्या एकाच पात्यासारखा भोवती फिरत असतो आणि हत्यार त्याच्या वाटेत नेता येत नाही. त्यामुळे वाटीचा वरचा भागच लेथवर गोल होतो. दांड्याच्या पातळीखालचा भाग कानस, चकतीचा सँडर आणि पॉलिशपेपर यांनीच घडवावा लागतो. लेथ कितीही महाग असला तरी हे काम चुकत नाही.

ब्रायर

पाइपासाठी सर्वाधिक वापरले जाणारे लाकूड ब्रायर होय. भूमध्य समुद्राच्या परिसरात वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या खोड व मुळे यांमधील गाठीपासून ते मिळते. इटली, कॉर्सिका, ग्रीस, स्पेन आणि अल्जीरिया येथून ते येते. गाठी कापून ठोकळे कित्येक तास पाण्यात उकळतात व नंतर अनेक महिने, कधी वर्षे, सावकाश वाळवतात. हे लाकूड घट्ट, उष्णता सोसणारे आणि सहजासहजी न जळणारे असते.

लेथच्या निवडीशी ब्रायरचा संबंध दोन प्रकारे येतो. एक म्हणजे त्याच्या रेषा सर्व दिशांना वळलेल्या असून मध्येच वाळूचे कण किंवा पोकळ खळगे निघतात. लांब व बारीक ड्रिल अशा ठिकाणी वाट सोडते. दुसरे म्हणजे ठोकळा लहान आणि कोनाकृती असतो, त्यामुळे तो धरायला सामान्य कातकामाची साधने अपुरी पडतात.

पार्श्वभूमी

लेथचे सर्वांत जुने ज्ञात चित्र इजिप्तमधील पेटोसिरिसच्या समाधीत आढळते, ते इ. स. पू. ३०० च्या सुमाराचे मानले जाते. पाइप मात्र बराच काळ लेथपासून दूर होता, कारण युरोपातील आरंभीचे पाइप मातीचे आणि नंतर मीरशॉम या मऊ पांढऱ्या खनिजाचे असत.

लेथ आणि पाइप यांची गाठ पडली ती फ्रान्सच्या जुरा पर्वतभागातील सेंट क्लोद येथे. मठाला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी लाकडी वस्तू कातण्याचा धंदा तेथे पूर्वीपासून होता. १८५० च्या दशकात ब्रायरचा वापर सुरू झाला, तेव्हा कुशल कातारी गावात तयारच होते. पुढे कारखान्यांत एकेक काम वेगळ्या यंत्राला वाटून दिले गेले. वाटी एका यंत्रावर, दांडा दुसऱ्यावर. लेथ जेथे पोहोचत नाही तो वाटीचा तळ नमुन्याबरहुकूम कापणाऱ्या नक्कल यंत्रावर.

अमेरिकेत मक्याच्या कणसाचा पाइपही लेथवरच आकारास आला. मिसूरी राज्यातील वॉशिंग्टन या गावी हेन्री टिबी या डच वंशाच्या कातारीने १८६९ मध्ये असे पाइप कातून विकण्यास सुरुवात केली आणि १८७८ मध्ये आपल्या पद्धतीचे पेटंट मिळवले.

विसाव्या शतकात डेन्मार्कमध्ये उलट दिशेचा प्रवास झाला. मूळचे स्वीडिश असलेले सिक्स्टन इव्हार्सन (१९१०–२००१) कोपनहेगनमध्ये पाइपदुरुस्तीच्या कामातून निर्मितीकडे वळले. लाकडाच्या रेषा पाहून आधी बाहेरचा आकार घडवायचा आणि छिद्रे नंतर पाडायची, ही पद्धत त्यांच्या नावाशी जोडली जाते. या पद्धतीत आकारासाठी मुख्य साधन चकतीचा सँडर असतो आणि लेथकडे उरते ते प्रामुख्याने छिद्रांचे व मुखनळीचे काम.

एकट्या हौशी माणसाला परवडेल असा लहान टेबलावरचा लेथ विसाव्या शतकाच्या अखेरीस, तैवान व चीन येथील उत्पादनामुळे, सहज मिळू लागला. लाकडी पेन कातण्याचा छंद त्याच काळात अमेरिकेत फोफावला आणि पाइप करणाऱ्या नवशिक्यांना त्या छंदासाठी निघालेली यंत्रेच उपयोगी पडली.

निवडीचे निकष

टेलस्टॉक

लेथच्या डाव्या बाजूस हेडस्टॉक असतो. त्यातील स्पिंडल मोटारीने फिरतो व त्यावर ठोकळा धरला जातो. उजव्या बाजूस बेडवर सरकणारा टेलस्टॉक असतो. टेलस्टॉकमध्ये ड्रिल चक बसवून, चाक फिरवून ड्रिल पुढे सरकवतात. ड्रिल स्थिर राहते आणि लाकूड फिरते. हात-ड्रिलपेक्षा हे छिद्र सरळ येण्याचे कारण हेच, परंतु त्यासाठी टेलस्टॉकचा अक्ष स्पिंडलच्या अक्षाशी तंतोतंत जुळलेला हवा.

जुळणीत किती चूक चालते, याचा हिशेब सोपा आहे. दांड्याच्या तोंडापासून पोकळीच्या तळापर्यंतचे अंतर ७५ मिमी धरले आणि ड्रिल केवळ १ अंशाने तिरके गेले, तर तळाशी ते सुमारे १.३ मिमी बाजूला निघते. धूरमार्गच मुळी ४ मिमीचा असतो. तेव्हा एवढी चूक पोकळीत डोकावताच डोळ्यांना दिसते. २ अंशांची चूक झाली तर ठोकळा टाकूनच द्यावा लागतो.

जुळणी तपासण्याची रूढ रीत अशी, की हेडस्टॉक व टेलस्टॉक या दोहोंत टोकदार सेंटर बसवायचे आणि टोके एकमेकांना भिडवून भिंगातून पाहायचे. ही तपासणी आवश्यक असली तरी पुरेशी नाही. टोके एका बिंदूत भेटली म्हणजे दोन्ही अक्ष समांतर आहेत असे सिद्ध होत नाही. म्हणून टेलस्टॉकमधील सरकती नळी पूर्ण बाहेर काढून तीच पाहणी पुन्हा करतात. खरी कसोटी मात्र प्रत्यक्ष छिद्राची असते. साध्या लाकडाचा सुमारे ७५ मिमी लांबीचा तुकडा चकात धरून त्यात ४ मिमीचे ड्रिल आरपार घालावे आणि ते दुसऱ्या बाजूस मध्यातून निघते का ते पाहावे. दुकानदार जागेवर हे करू देत असेल तर यापेक्षा चांगली परीक्षा नाही.

सरकती नळी हाताने हलवून पाहिल्यास तिच्यातील ढिलाई कळते. स्वस्त लेथमध्ये दोष बहुधा येथेच सापडतो. नळीची धावही मोजून घ्यावी. लहान लेथमध्ये ती ५० ते ६० मिमी असते. पोकळीसाठी एवढी धाव पुरते, धूरमार्गासाठी पुरत नाही. मग अर्धे छिद्र झाल्यावर टेलस्टॉक सैल करून पुढे सरकवावा लागतो आणि बेडच्या खाचेत तो आडवा हलत असेल तर नेमकी तेव्हाच जुळणी बिघडते. त्यामुळे टेलस्टॉक दर वेळी एकाच बाजूला दाबून घट्ट करण्याची सवय अनेक कारागीर लावून घेतात. हेडस्टॉक वळवता येण्याची सोय काही लेथांत असते. मोठे वाडगे कातणाऱ्याला ती उपयोगी आहे. पाइप करणाऱ्याला ती म्हणजे जुळणी बिघडण्याची आणखी एक जागा.

टेलस्टॉकच्या व स्पिंडलच्या आत मोर्स टेपर नावाचा प्रमाणित निमुळता गाळा असतो. क्रमांक २ चा गाळा असलेला लेथ घ्यावा, कारण ड्रिल चक व इतर साधने त्याच मापात मुबलक मिळतात. काही जुन्या व अगदी लहान लेथांत क्रमांक १ चा गाळा असतो. तो चालतो, पण साधने शोधावी लागतात. सर्वांत स्वस्त लेथांपैकी काहींच्या टेलस्टॉकला गाळाच नसतो, केवळ एक पक्के टोक असते. अशा लेथवर ड्रिल चक बसत नाही. तो खुर्चीचे पाय कातण्यास योग्य असेल, पाइपासाठी तो कितीही स्वस्त असला तरी महागच ठरतो.

वेग

२० मिमी व्यासाचे ड्रिल घट्ट लाकडात मिनिटाला ४०० ते ५०० फेऱ्यांच्या वेगाने सुखाने चालते. ज्या लेथचा किमान वेग ८०० किंवा १,००० फेऱ्यांचा आहे, त्यावर ड्रिल तापते, लाकूड करपल्याचा वास येतो आणि पोकळीची भिंत काळवंडते. म्हणून जाहिरातीत ठळक छापलेला कमाल वेग पाहण्यापेक्षा बारीक छापलेला किमान वेग पाहावा.

कमाल वेगाची गरज पाइपाला फारशी भासत नाही. वाटी कातताना दांड्याचे टोक अक्षापासून ६० मिमी अंतरावर असेल, तर मिनिटाला २,००० फेऱ्यांना ते टोक ताशी सुमारे ४५ किमी वेगाने फिरत असते. शिवाय ठोकळ्याचे वजन एका बाजूला असल्याने यंत्र थरथरते. त्यामुळे आरंभ ५०० ते ८०० फेऱ्यांनी करून, थरथर होत नाही असे पाहून मगच वेग वाढवतात.

वेग बदलण्याचे दोन प्रकार आहेत. एकात पट्टा एका पुलीवरून दुसऱ्या पुलीवर चढवावा लागतो, दुसऱ्यात बटण फिरवून वेग कमी-जास्त होतो. दुसरा प्रकार सोयीचा असला तरी नादुरुस्त झाल्यास त्याचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बदलणे खर्चिक असते. पट्ट्याच्या लेथमध्ये बिघडण्यासारखे थोडे असते. पाइपाच्या कामात वेग वारंवार बदलावा लागतो खरा, पण त्यासाठी लागणारा अर्धा मिनिट नवशिक्याकडे असतोच.

आकारमान व शक्ती

अमेरिकी पद्धतीत लेथचे माप दोन आकड्यांत सांगतात, बेडवर मावणाऱ्या वस्तूचा कमाल व्यास आणि दोन सेंटरांमधील अंतर. जेट कंपनीचा १०१५ हा प्रसिद्ध लहान लेथ १० इंच व्यासाचा व १५ इंच अंतराचा आहे. त्याची मोटार अर्ध्या अश्वशक्तीची असून पट्टा बदलून सहा वेग मिळतात. त्याच कंपनीचा १२२१ व्हीएस १२ इंच व्यासाचा, २१ इंच अंतराचा, एक अश्वशक्तीचा व बटणाने वेग बदलणारा आहे.

१० इंच व्यास म्हणजे अक्षापासून १२७ मिमी मोकळी जागा. लांब दांड्याचा कॅनेडियन घाटाचा पाइपसुद्धा त्यात फिरतो. अंतराच्या बाबतीत मात्र थोडी दक्षता हवी. चक आणि त्याचे जबडे सुमारे १०० मिमी, दांड्याच्या दिशेने धरलेला ठोकळा ८० ते १०० मिमी, ड्रिल चक ७५ मिमी आणि बाहेर आलेले ड्रिल १०० मिमी, अशी बेरीज ३५५ ते ३७५ मिमी होते. १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. काम होते, पण चिमटीत. १८ किंवा २० इंचांचा लेथ त्याच किमतीत मिळत असेल तर तो घ्यावा. मात्र त्यासाठी अधिक मोठ्या मोटारीचे पैसे मोजण्याचे कारण नाही. अर्धी अश्वशक्ती पाइपाला पुरते.

बेड ओतीव लोखंडाचा असावा. पत्रा वाकवून केलेला किंवा दोन नळ्यांवर उभारलेला बेड ड्रिलच्या दाबाने किंचित लवचतो आणि टेलस्टॉकच्या जुळणीचा सारा खटाटोप व्यर्थ जातो. लेथचे वजन उचलणाऱ्याला त्रासदायक असले तरी कामात तोच गुण ठरतो. हलका लेथ घ्यावाच लागला तर जाड लाकडी फळीवर बोल्टने आवळून, वर वाळूची पिशवी ठेवून त्याची थरथर कमी करता येते.

चक आणि जबडे

पाइपाचा ठोकळा धरण्याचे साधन हा खर्चाचा असा भाग आहे, की ज्याचा अंदाज नवशिक्याला आरंभी नसतो. लेथसोबत बहुधा फेसप्लेट आणि दातेरी सेंटर एवढेच मिळते. या दोहोंनी पाइपाचा ठोकळा धरता येत नाही. चार जबड्यांचा स्वयंकेंद्री चक वेगळा घ्यावा लागतो व त्याची किंमत अनेकदा स्वस्त लेथच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत जाते. म्हणून हाताशी असलेली सर्व रक्कम लेथवर खर्च करणारा माणूस यंत्र घरी आणून त्याकडे पाहत बसतो.

चार जबड्यांपैकी समोरासमोरचे दोनच वापरून, त्यांवर लांब सपाट जबडे चढवले की कोनाकृती ठोकळा दोन्ही अक्षांवर धरता येतो. पेनासाठी चौकोनी तुकडे धरणारे लांब जबडे त्यासाठी घासून रुंद करून घेण्याची युक्ती हौशी कारागिरांत प्रचलित आहे. जबडे घट्ट धरतील यासाठी ठोकळ्याच्या दोन बाजू एकमेकींना समांतर आणि सपाट असणे आवश्यक असते. ते काम लेथवर चढवण्यापूर्वी करवत व सँडर यांनी उरकतात. दोन्ही अक्ष ठोकळ्यावर पेन्सिलीने आखून, ती रेघ टेलस्टॉकच्या टोकाशी जुळवून मगच जबडे आवळतात.

चक स्पिंडलवर आट्यांनी बसतो, तेव्हा दोहोंचे आटे जुळले पाहिजेत. अमेरिकेत लहान लेथांवर १ इंच व्यास व इंचाला ८ आटे हे माप रुळलेले आहे. त्याहून लहान यंत्रांवर पाऊण इंच व १६ आटे असे माप आढळते. ब्रिटन व युरोप खंडात ३३ मिमी व्यास आणि ३.५ मिमी अंतराचे आटे अनेक लेथांवर असतात. मध्ये जोडतुकडा घालून फरक भरून काढता येतो, पण प्रत्येक जोड म्हणजे जुळणीतील थोडी अधिक तूट.

ड्रिलच्या बाबतीत काटकसरीस वाव आहे. पोकळीसाठी गोल तोंडाची खास ड्रिले मिळतात, परंतु लोहाराच्या किंवा सुताराच्या दुकानातील साधे चपट्या पात्याचे ड्रिल दगडावर घासून गोलाकार तळाच्या आकाराचे करून घेणे हा जुना व उत्तम उपाय आहे. घासताना दोन्ही कडा सारख्या राहिल्या नाहीत तर छिद्र मोठे पडते. धूरमार्गासाठी आधी आखूड ड्रिलने आरंभाचे छिद्र पाडून मग लांब ड्रिल घालतात व दर थोड्या अंतराने ते बाहेर काढून भुसा झाडतात.

धातुकामाचा लेथ

लाकूडकामाच्या लेथवर हत्यार हाताने धरले जाते. धातुकामाच्या लेथवर ते घोडीत पक्के बसवून चाकांनी सरकवले जाते. मुखनळीच्या कुशीला हा फरक मोठा आहे. कूस खोबणीत ना सैल ना घट्ट बसायची तर तिच्या व्यासात मिलिमीटरच्या काही शतांशांचीच सूट असते. धातुकामाच्या लेथवर हे माप चाकावरील खुणांनी गाठता येते. लाकूडकामाच्या लेथवर तेच काम करण्यासाठी ड्रिल चकात धरायचे कूस कातण्याचे छोटे अवजार मिळते. त्याचे पाते हळूहळू आत घेऊन व दर वेळी खोबणीत घालून पाहत नेमके माप साधतात. कष्ट अधिक, पण फळ तेच.

सर्वांत स्वस्त धातुकामाचे लेथ ७ इंच व्यासाचे, १० ते १४ इंच अंतराचे व चिनी बनावटीचे असतात. त्यांची जुळणी लाकूडकामाच्या स्वस्त लेथपेक्षा सहसा सरस असते. मात्र घोडीच्या वरची मोकळी जागा व्यासाच्या आकड्यावरून वाटते त्याहून बरीच कमी असल्याने फिरता दांडा घोडीवर आपटण्याचा संभव राहतो. शिवाय वाटीचा मोकळा, वळणदार आकार हातातील गाउजने जसा येतो तसा चाकांनी येत नाही. मुखनळ्या स्वतः घडवण्याचा निश्चय असेल तर धातुकामाचा लेथ. तयार मुखनळ्या वापरून वाटीकडे लक्ष द्यायचे असेल तर लाकूडकामाचा, असा ढोबळ निवाडा करता येईल.

जुना लेथ

त्याच पैशात नव्या हलक्या लेथपेक्षा जुना जड लेथ अनेकदा चांगला मिळतो. पाहण्याच्या गोष्टी थोड्या आहेत. स्पिंडल हाताने फिरवल्यास खरखर जाणवली तर बेअरिंग गेले. ते बदलता येते व किंमत पाडून घेण्यास कामी येते. मोर्स टेपरच्या गाळ्यात बोट फिरवून ओरखडे तपासावेत. बेडवरील गंज वरवरचा असेल तर तो निघतो, पण भेग किंवा वेल्डिंगची खूण दिसली तर पुढे बोलू नये. जुन्या यंत्राचे आटे आजच्या चकाशी जुळतात का, हा प्रश्न सौदा ठरण्यापूर्वी विचारावा.

लेथशिवाय

पहिला पाइप लेथ न घेताही करता येतो. तिन्ही छिद्रे पाडलेला आणि मुखनळी बसवलेला ब्रायरचा ठोकळा विकत मिळतो. करवत, कानस आणि निरनिराळ्या अंकांचे पॉलिशपेपर एवढ्या साधनांनी त्याला आकार देता येतो. असे दोन-तीन पाइप केल्यावर आवड टिकली तरच लेथचा खर्च करावा, हे अधिक शहाणपणाचे. उभ्या ड्रिल यंत्रावरही छिद्रे पाडता येतात, परंतु त्यासाठी ठोकळा प्रत्येक अक्षावर शिकंजात काटेकोर उभा धरावा लागतो.

सुरक्षितता

कोनाकृती ठोकळा फिरताना दांड्याचे टोक दिसेनासे होते. तेथे केवळ धूसर वर्तुळ दिसते आणि बोट जाते ते त्याच वर्तुळात. चालू करण्यापूर्वी ठोकळा हाताने पूर्ण एक फेरी फिरवून तो हत्याराच्या टेकूला कोठे लागत नाही हे पाहावे. हातमोजे घालू नयेत. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातील साखळी किंवा मंगळसूत्र आणि मोकळे केस यांतील काहीही फिरत्या यंत्राजवळ असू नये. चष्मा पुरेसा नाही. संपूर्ण चेहरा झाकणारे पारदर्शक कवच घालावे, कारण ब्रायरमध्ये न दिसणारी भेग असू शकते.

ड्रिल मागे घेताना ड्रिल चक निमुळत्या गाळ्यातून सुटून येण्याची शक्यता असते. म्हणून यंत्र बंद करून किंवा चकाचे स्थिर अंग दुसऱ्या हाताने धरून ड्रिल मागे घेतात. ब्रायर, एबोनाइट व अ‍ॅक्रिलिक या तिन्हींची बारीक धूळ फुप्फुसांना त्रासदायक आहे. नाकावर बांधलेला रुमाल तिला अडवत नाही, त्यासाठी गाळणी असलेला मुखवटा लागतो.

भारतातील स्थिती

लाकूड कातण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. सावंतवाडीची लाकडी खेळणी व लाखकाम प्रसिद्ध आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून रंग चढवण्याची कला तेथील चितारी समाजाने जोपासली. पाइपनिर्मितीचा छंद मात्र भारतात विरळा आहे आणि ब्रायर येथे होत नसल्याने ठोकळे आयात करावे लागतात.

लेथ मात्र देशात मिळतो. पंजाबातील बटाला आणि गुजरातमधील राजकोट ही यंत्रसामग्रीची जुनी केंद्रे असून तेथे ओतीव बेडचे लेथ बनतात. पाइपाच्या दृष्टीने त्यांपैकी अनेक यंत्रे अवाजवी मोठी असतात. पण टेलस्टॉकची परीक्षा वर सांगितल्याप्रमाणे करून घेतल्यास ती टिकाऊ ठरतात. अमेरिकेतून लेथ मागवणाऱ्याने विजेचा विचार आधी करावा. तेथील लहान लेथांच्या मोटारी सहसा ११० ते १२० व्होल्ट व ६० हर्ट्‌झच्या असतात. भारतातील २३० व्होल्टला त्या थेट जोडल्यास जळतात. ट्रान्सफॉर्मर लावला तरी ५० हर्ट्‌झवर साधी इंडक्शन मोटार सुमारे एक षष्ठांशाने मंद फिरते व अधिक तापते. ट्रान्सफॉर्मर आणि जहाजभाडे मिळून होणारा खर्च धरता युरोपीय बनावटीचे किंवा देशी यंत्र सोयीचे पडते.

सरावासाठी आंबा, बाभूळ किंवा कडुनिंबाचे उरलेसुरले तुकडे चालतात. सागात सिलिका असल्याने हत्यारांची धार लवकर जाते. शिसवीच्या धुळीने काहींच्या त्वचेला व श्वासाला त्रास होतो, आणि तेलकट किंवा उग्र लाकडांची वाटी पेटत्या तंबाखूसाठी वापरू नये. सरावाच्या तुकड्यांवर तिन्ही छिद्रे पाडून तो तुकडा दोन्ही अक्षांच्या प्रतलात करवतीने उभा चिरला, की धूरमार्ग पोकळीच्या तळाशी नेमका कोठे निघाला हे उघड दिसते. ब्रायरचा पहिला ठोकळा चकात धरण्यापूर्वी असे चार-पाच तुकडे चिरून पाहण्याचा प्रघात आहे.